चक्कर आली नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं

मॅचमध्ये कोणी डोकं आपटून खाली पडलं की सगळं थांबतं, डॉक्टर धावत येतात, डोळ्यांत टॉर्च मारतात, स्कोर किती झालाय विचारतात, आणि ते झालंच पाहिजे. पण मला काळजी वाटते ती ज्या धक्क्यांसाठी कोणीच थांबत नाही त्यांची. हेडर म्हणजे डोक्याने बॉल मारला, खांद्याला खांदा भिडला, बॉक्सिंगच्या स्पॅरिंगमध्ये म्हणजे सरावाच्या लढतीत दोन-चार पंच बसले, पोरगं लगेच उठून पळायला लागलं, म्हणजे ओके.

तर ते ओके नसतं, निदान नेहमी तरी नसतं. मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो, डोकं झटक्यात फिरलं की तो आतल्या आत पिळला जातो, त्यातले बारीक लांब तंतू ताणले जातात, आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो मेंदूच्या घड्यांच्या तळाशी. डोक्याला वारंवार धक्के बसून मेंदू हळूहळू झिजतो त्या सीटीई नावाच्या आजारात टाऊ नावाचं प्रोटीन नेमकं तिथेच, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती साचलेलं सापडतं. आणि हेल्मेटचं म्हणाल तर हेल्मेट कवटी फुटू देत नाही, त्यासाठी ते हवंच, पण आत मेंदू फिरतो तो फिरतोच.

ओवेन थॉमस नावाचा मुलगा पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा, 2010 मध्ये 21 व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याला कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही वेळ बिघडणं) झाल्याची कुठेच नोंद नव्हती, एकदाही नाही, तरी मेंदू तपासला तेव्हा सीटीईची सुरुवात दिसली. आत्महत्या त्याच्यामुळेच झाली असं कोणी म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये, पण 21 वर्षांच्या मुलाच्या मेंदूत ते होतं हे वाचून मी सुन्न झालो. नंतर 2023 मध्ये 631 माजी खेळाडूंच्या मेंदूंवरचा अभ्यास आला, त्यात कन्कशन किती वेळा झालं याचा सीटीईशी संबंध लागला नाही, लागला तो आयुष्यभरात एकूण किती धक्के आणि किती जोराचे बसले याच्याशी.

फुटबॉलचंही तेच. (आपला नेहमीचा, पायाने खेळायचा.) इंग्लंडचा जेफ ॲस्टल हेडरसाठीच प्रसिद्ध होता, 2002 मध्ये 59 व्या वर्षी डिमेन्शियाने गेला आणि चौकशी करणाऱ्या कोरोनरने कारण लिहिलं की हा कामातून झालेला आजार आहे. तेव्हा बरेच जण म्हणाले जुने चामड्याचे बॉल भिजून जड व्हायचे म्हणून, आता तसं नाही. पण कोरड्या बॉलचं वजन आजही साधारण तेवढंच आहे आणि उलट तो जास्त वेगाने येतो. ग्लासगोच्या संशोधकांनी 2019 मध्ये स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची माहिती तपासली, हार्टच्या आजाराने त्यांचे मृत्यू इतरांपेक्षा कमी होते, म्हणजे खेळाचा फायदा आहेच, पण मेंदू झिजण्याच्या आजारांनी जाण्याचं प्रमाण साडेतीन पट. पुढे 2021 मध्ये पोझिशनप्रमाणे बघितलं तर सगळ्यात जास्त धोका डिफेंडरना, साधारण पाच पट, आणि गोलकीपरना जवळजवळ सामान्य माणसाइतकाच. तीच ड्रेसिंग रूम, तोच प्रवास, तीच लाइफस्टाइल, फरक फक्त डोक्याने बॉल कोण मारतं याचा, यापेक्षा अजून स्पष्ट काय हवं?

बरं सीटीई जिवंतपणी खात्रीने कळत नाही, मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निदान होतं, त्यामुळे एमआरआय नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. प्रत्येक खेळाडूला हे होतं असंही नाही, आणि म्हणून खेळ बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये.

म्हणणं एवढंच की धक्के मोजा, आणि प्रॅक्टिसपासून सुरुवात करा, कारण बहुतेक धक्के तिथे बसतात आणि तिथले कमी केल्याने मॅचमध्ये काही बिघडत नाही. अमेरिकेत 2015 पासून 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद आहे, इंग्लंडमध्ये 2021 पासून मोठ्यांनासुद्धा प्रॅक्टिसमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 10 जोराचे हेडर अशी सूचना आहे. मुलाच्या कोचला सरळ विचारा, आठवड्यात फुल कॉन्टॅक्ट किती दिवस असतो, स्पॅरिंग किती राउंड, हेडिंगची प्रॅक्टिस हलक्या बॉलने घेता का. उत्तर "अहो काही होत नाही" असं आलं तर मी तरी दुसरा कोच शोधेन.