कठडा बांधला आणि पाणी अडीच फूट खाली गेलं

गेले दोन महिने रात्री जेवणं आवरली की मी आमच्या गावच्या 11 विहिरींच्या जुन्या नोंदी एक्सेलमध्ये भरत बसते. पाणलोटाचं काम झालं तेव्हापासून गावातल्या दोघातिघांनी आळीपाळीने वह्या लिहिल्यात, टेप सोडायची, पाणी किती फुटांवर लागलं ते मांडायचं, तारीख टाकायची, वीस वर्षं एक पैसा न घेता, मला त्यांचं खरंच फार कौतुक वाटतं.

पण सात नंबरच्या विहिरीचा ग्राफ काढला आणि पोटात गोळाच आला. 2011 च्या उन्हाळ्यानंतर पाणी एकदम अडीच फूट खाली आणि मग कायमचं खालीच. बोअर झाले असतील, उपसा वाढला असेल, काय काय डोक्यात आलं. शेवटी वही लिहिणाऱ्या काकांकडे गेले तर ते म्हणाले, "अगं, तेव्हा कठडा बांधला ना, मग टेप कठड्यावरून सोडायला लागलो." म्हणजे पाणी होतं तिथंच होतं, मोजायची जागा वर सरकली होती! आणि हे वहीत कुठेच नाही, फक्त काकांच्या डोक्यात. काकांचं वय 78.

तेव्हापासून मला सारखं कुलाबा आठवतंय. तिथल्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर रीडिंग बिघडणार हे दिसत होतं, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, बांधकामात लोखंड येऊ न देता. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही, 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, त्यामुळे दोन जागांमधला फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. सप्टेंबर 1859 च्या मोठ्या सौर वादळाची कुलाब्याची नोंद तर शास्त्रज्ञांनी जवळजवळ दीडशे वर्षांनी पुन्हा काढून अभ्यासली. आम्हाला नव्या कठड्यावरून आणि जमिनीवरून असं एकदा दोन्हीकडून मोजलं असतं तरी पुरलं असतं.

पावसाच्या रकान्याचं तर विचारूच नका. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं आणि मागच्या 24 तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितं, म्हणून 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस नोंदीत 27 तारखेला सापडतो. आमच्याकडे कुणी सकाळी मोजलाय कुणी संध्याकाळी, आणि रकाना कोरा असेल तर पाऊस नव्हता की मोजणारा लग्नाला गेला होता, काय समजायचं?

आता मूळ आकड्याला मी हात लावत नाही, दुरुस्ती शेजारच्या वेगळ्या रकान्यात, कारणासकट. आणि एका शीटवर प्रत्येक विहिरीची कुंडली: टेप कुठून सोडली, कठड्याची उंची, कोण मोजायचं, काय कधी बदललं. काका आणि मी मिळून आठ विहिरींचे कठडे मोजून झाले. नऊ नंबरचा कधी बांधला ते काकांनाही आठवत नाही, गवंडी शेजारच्या गावचा होता म्हणे, रविवारी त्याच्याकडे जाऊन विचारणार आहे.