आबिस्कोच्या पर्जन्यछायेत

स्वीडनमधलं हिवाळ्याआधीचं सत्र ख्रिसमसला संपत नाही, ते जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतं. उप्साला विद्यापीठात एकाच सत्रासाठी गेलेल्या माझ्यासारख्यांना त्याचा फायदा होतो. शेवटची परीक्षा झाली की खोली सोडायच्या आधी थोडे मोकळे दिवस हाताशी राहतात, आणि उत्तरेकडे जायला ते दिवस उत्तम. आमच्या वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधल्या सहाजणांचं नोव्हेंबरातच पक्कं झालं होतं: वेगवेगळ्या देशांत परतण्याआधी एकदा अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या रात्रीच्या आभाळात दिसणारा रंगीत उजेड, बघायचा, तोही एकत्र.

कुठे जायचं, यावर मात्र आमच्या सामायिक स्वयंपाकघरात बराच खल झाला. बहुतेकांच्या डोक्यात नॉर्वेतलं ट्रॉम्सो होतं. मी स्वीडनच्याच उत्तर टोकाकडच्या आबिस्को या गावाचा हट्ट धरला आणि त्याचं कारण माझं गाव. मी माणदेशातली, दहिवडीची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर उतरून आमच्याकडे येईस्तोवर ढगांत काही उरत नाही, पाचशेच्या आतबाहेर जे पडेल ते आमचं. आबिस्कोचंही तसंच आहे. अटलांटिकवरून येणारे ढग नॉर्वेच्या सीमेवरच्या डोंगरांत रिते होतात. सीमेवरच्या रिक्सग्रेन्सेनला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ मिळून पडतो, तिथून पस्तीसेक किलोमीटर पूर्वेला आबिस्कोत जेमतेम तीनशे. ट्रॉम्सो समुद्राकाठी, तिथे ढगांचा भरवसा नाही. दोन्हीकडे अरोरा डोक्यावरच असतो, पण तो दिसायला आभाळ मोकळं हवं. ज्या पर्जन्यछायेपायी आमच्याकडे जनावरं छावणीला न्यावी लागतात, तिच्यामुळे आबिस्कोत रात्री चांदण्या दिसतात, हे मी लॅपटॉपवर दोन नकाशे शेजारी ठेवून दाखवलं. जर्मन मित्राला लगेच पटलं. स्पॅनिश मैत्रीण म्हणाली, आता तर जायलाच पाहिजे.

मग कामाला लागलो. स्टॉकहोमहून आबिस्कोमार्गे नार्विकला जाणारी रात्रीची गाडी उप्सालाला थांबते. झोपायच्या स्वस्त डब्यात एका कप्प्यात सहा बर्थ असतात, म्हणून सहाजणांनी अख्खा कप्पाच घेतला. हे जरूर करावं. दार लावलं की प्रवास घरचा होतो. तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. नार्विक नॉर्वेत असलं तरी शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतच, येतं, त्यामुळे वेगळा व्हिसा नको, पण पासपोर्ट आणि निवासी परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवं. परवान्याची मुदत आधी बघून घ्या, मगच परतीच्या विमानाची तारीख ठरवा.

खोली रिकामी करायची तयारी आम्ही जाण्याआधीच उरकली. स्वीडनमध्ये ओव्हनच्या आतपासून फ्रीजच्या मागेपर्यंत स्वतः घासून द्यावं लागतं आणि तपासणी कडक असते. ते डोक्यावर ठेवून गेलो असतो तर सहलीत जीव रमला नसता.

कपड्यांबाबत एकच सांगते: सुती काही अंगाला लावू नका. घाम सुतात धरून राहतो आणि उभं राहिल्याबरोबर अंग गार पडतं. आत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारं जाकीट. बूट एक नंबर मोठे घ्यावेत, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटं हलवता येतात. अरोरा बघणं म्हणजे मुख्यतः उभं राहणं, आणि पहिल्यांदा पायच गारठतात. हातमोजे दोन थरांचे: आतले पातळ, कॅमेरा हाताळायला. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. बाहेर ठेवला की बॅटरी बघता बघता उतरते.

आबिस्कोत दुकान आहे, पण महाग. तांदूळ, मूगडाळ, पास्ता उप्सालाहून नेला. आईने दिलेलं मेतकूट मी सहा महिने पुरवून ठेवलं होतं, ते तिथे संपवलं. लोणी कढवून तूप केलं आणि गरम भातावर मेतकूट-तूप सगळ्यांना वाढलं. कोरियन मैत्रिणीने त्यात कोचुजांग, म्हणजे त्यांची मिरचीची चटणी, कालवलं. तेही फार चांगलं लागलं.

संध्याकाळी उप्सालाहून निघालो, सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडलं. किरुना शहरानंतर खिडकीतून टोर्नेट्रेस्क तळं दिसायला लागलं, सत्तर किलोमीटर लांब, बर्फाने पांढरं. आबिस्कोत डिसेंबर-जानेवारीत महिनाभर सूर्य उगवतच नाही. आम्ही गेलो तेव्हा तो काळ नुकता संपला होता, तरी गाव अजून डोंगरांच्या सावलीतच होतं. दुपारी दक्षिणेकडे गुलाबी उजेड यायचा, बाकी सगळं निळं.

पहिल्या रात्री ढग आले. पर्जन्यछायेतही ढग येतात, हे मला माहीत होतं, तरी इतक्या लांब या सगळ्यांना मीच आणलं होतं, त्यामुळे जीव कासावीस झाला. कोणी एका शब्दाने बोललं नाही. सॉनात बसलो, पत्ते खेळलो.

दुसऱ्या संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं होतं, तापमान उणे बावीस. किरुनात स्वीडनची अवकाश-भौतिकी संस्था आहे. तिथल्या मॅग्नेटोमीटरचा आलेख कोणालाही थेट बघता येतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं की रेघ खाली-वर उसळते. अॅपवरच्या अंदाजापेक्षा मला ही रेघ जास्त उपयोगी वाटली. आणि तिचं मूळ उप्सालातच आहे! १७४१ मध्ये अँडर्स सेल्सियस आणि त्याचा सहकारी उलोफ हिओर्टर यांनी उप्सालात होकायंत्राच्या सुईवर नजर ठेवली आणि अरोरा पेटला की सुई हलते, हे नोंदवलं. तापमानाची मोजपट्टी सेल्सियसने त्यानंतर वर्षभरात मांडली. त्याचं जुनं घर आजही शहरात उभं आहे, त्यावरून आम्ही कितीदा तरी सायकलने गेलो होतो. तळ्याकाठी काळोखात मी हे सांगत होते आणि फोनवरची रेघ घसरायला लागली.

सुरुवातीला डोळ्यांना हिरवं दिसत नाही, ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी. उत्तरेला राखाडी पट्टा दिसला, ढग वाटावा असा. कॅमेऱ्यात तो हिरवा आला: ट्रायपॉड, आयएसओ १६००, आठ सेकंद, फोकस हाताने ताऱ्यावर लावलेला. मग पट्टा उजळला, डोळ्यांनाही हिरवा झाला. शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा हा रंग. थोड्या वेळाने तो डोक्यावर आला, सळसळायला लागला आणि खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी झालर धावत गेली. स्पॅनिश मैत्रीण बर्फात आडवी झाली आणि रडायला लागली. आम्ही सगळेच तिच्या शेजारी आडवे झालो. मी कॅमेरा बंद करून ठेवला आणि ते बरं केलं.

आत येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत घालून मग आणा, नाहीतर काचेवर दव धरतं.

नंतर एक दिवस नार्विकला जाऊन आलो. किरुनाचं लोखंड बारमाही न गोठणाऱ्या बंदरात नेण्यासाठी हा लोहमार्ग १९०३ मध्ये सुरू झाला. आजही अडुसष्ट डब्यांच्या खनिजाच्या गाड्या समोरून जातात, त्या मोजत आम्ही खिडकीशी बसलो होतो.

परतताना गाडी बरीच उशिरा धावली. विमानाआधी दोन दिवस हातात ठेवले होते म्हणून निभावलं; हे दोन दिवस कोणीही कापू नयेत. लोकरीचे कपडे आणि बूट आम्ही कॉरिडॉरच्या कपाटात नव्या मुलांसाठी ठेवले. त्यांतल्या एका पुण्याच्या मुलीने विचारलंय, तिने कधी जावं. मी तिला मार्च सांगितलाय: बर्फ भरपूर असतं, दिवसा फिरायला ऊन मिळतं आणि रात्री अजून पुरेशा काळ्या असतात.