घासणीचे ओरखडे

गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढणं हे माझं काम. मुलगी गाडीतून उतरली आणि काही न बोलता तिने बॉनेटकडे बोट दाखवलं. काळी गाडी, जेमतेम दोन वर्षांची. मागून तिचे वडील उतरले, ते मात्र चार हात लांबच उभे राहिले. पक्ष्याची विष्ठा वाळून घट्ट बसली होती. लेकीला गाडी स्वच्छ दिसावी म्हणून त्यांनी भांडी घासायची हिरवी घासणी घेतली. डाग गेला, पण धूसर पट्टा दिसला म्हणून ते आणखी घासत गेले. अर्धं बॉनेट पांढुरकं झालं होतं.

"मला वाटलं, साबण लावलाय म्हणजे काही होणार नाही," ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या घासणीतच धार असलेले बारीक कण असतात, हे घरात कुणाला ठाऊक असतं? मी म्हटलं, "काका, आधी बघू तर द्या."

गाडी धुऊन, क्ले म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती फिरवल्याशिवाय मी कधीच मत देत नाही. पुष्कळदा ओरखडा वाटतो तो दुसऱ्या गाडीचा घासून चिकटलेला रंग असतो. डाव्या दारावरची एक रेघ तशीच निघाली, हाताने थोडं पॉलिश चोळल्यावर पुसली गेली. बॉनेटवर पाणी मारलं, तर ओलं असेपर्यंत ओरखड्यांचं सगळं जाळं गायब आणि वाळताच परत हजर. म्हणजे ओरखडे वरच्या क्लिअर कोटातच, रंगावरच्या पारदर्शक थरातच होते, खालच्या रंगापर्यंत पोचले नव्हते. जीव भांड्यात पडला. मग नख फिरवून पाहिलं. सगळीकडे सरकलं, फक्त हेडलाइटच्या वर, कडेजवळ बोटभर रेघेत अडकलं, म्हणजे तिथे ओरखडा खोल होता.

तिथे थराची जाडी मोजणारा गेज लावला. बॉनेटच्या मध्यावर ११८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), छतावर १२२, आणि त्या रेघेशेजारी ८६. हा आकडा पत्र्यावरच्या प्रायमर, रंग, क्लिअर कोट अशा सगळ्या थरांचा मिळून असतो. त्यात क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मी विचारलं, "इथे आधी काही काम झालंय का?" मुलगी म्हणाली, मागच्या वर्षी एक चरा काढून घेतला होता. तेव्हा तो चरा गेला, पण सोबत बराचसा थरही गेला होता.

गिऱ्हाइकाला हे मी कामाआधीच सांगतो. पॉलिशने ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणावा लागतो. एकदा काढलेला थर परत येत नाही.

कडांना मास्किंग टेप लावली आणि वीतभर जागेवर चाचणी घेतली. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने निम्मे ओरखडेही गेले नाहीत. मग मायक्रोफायबर पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशचे, चार ठिपके घेतले आणि मशीन सावकाश आडवं-उभं फिरवलं. दर फेरीनंतर हाताची पालथी बाजू पत्र्याला लावून बघत होतो. चटका लागायला लागला की थांबायचं. पुसून टॉर्च तिरकी धरली आणि काळ्या रंगात उजेडाचा गोळा स्वच्छ, काठासकट दिसला. काका नकळत जवळ आले होते.

तरी मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसलीच. कंपाउंडमधलं तेल ओरखडे झाकतं आणि दोन धुण्यांनंतर ते परत वर येतात. या पुसण्याला फाटा देणाऱ्या कामावर माझा विश्वास नाही.

मध्येच माझ्या हातातलं कापड जमिनीवर पडलं. ते बाजूला टाकून नवीन घेतलं, तर काकांनी विचारलं, "झटकून चालणार नाही?" मी म्हटलं, वाळूचा एक कण जरी अडकला असेल, तर आत्ता केलं ते सगळं वाया.

तीन तासांनी बॉनेट आरशासारखं झालं. ती बोटभर रेघ मात्र तशीच होती. मुलीचं लक्ष नेमकं तिथेच गेलं. "एवढी एकच का ठेवलीत?"

२००० नंबरचा बारीक सँडपेपर मारला असता तर ती दहा मिनिटांत गेली असती. पण ८६ मायक्रॉनवर, तेही कडेला, क्लिअर कोट आरपार जायला काही सेकंद पुरतात. नाही गेला तरी उरलेला पातळ थर उन्हात टिकत नाही, फिका पडून सोलायला लागतो, आणि मग सगळं बॉनेट रंगवायची वेळ येते. मी तिला गेजचे आकडे दाखवले आणि रेघेत बारीक ब्रशने टच-अपचा रंग भरून दिला. जवळून पाहिलं तर दिसतो. ती नाराज होती आणि तिने ते लपवलं नाही. मीही मागे हटलो नाही.

शेवटचा हात फिरवायला काकांनी स्वतःहून कापड मागितलं. मी त्याची चार पदरी घडी करून दिली. दाब न देता, सरळ रेषेत, बाळाचं अंग पुसावं तसं ते पुसत होते. टोकाशी आल्यावर कापड हातातून निसटून खाली पडलं. ते उचलून त्यांनी माझ्याकडे परत दिलं आणि म्हणाले, "दुसरं द्या."