टिंबाभोवतीचं वर्तुळ

गेले काही महिने रात्रीची जेवणं उरकली की मी जुन्या हर्बेरियम शीट्सचे फोटो उघडून बसते, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेली झाडं, आणि लेबलवर लिहिलेलं ठिकाण नकाशावर शोधते. त्यासाठी जिओलोकेट नावाचं ऑनलाइन टूल आहे, अमेरिकेतल्या टुलेन युनिव्हर्सिटीचं, फुकट. लेबलवरचा मजकूर टाकायचा, समजा 'खंडाळ्याच्या दक्षिणेला 3 मैल', की ते नकाशावर टिंब देतं आणि टिंबाभोवती एक वर्तुळ, झाड या वर्तुळात कुठेतरी होतं असं सांगणारं.

सुरुवातीला मी त्या वर्तुळाकडे बघायचेच नाही. टिंब मिळालं की कॉपी-पेस्ट, पुढचं शीट. मग एकदा माझा नकाशा झूम करून पाहिला तर महाबळेश्वरची सगळी झाडं भर बाजारपेठेत. लेबलवर नुसतं 'महाबळेश्वर' होतं, टूलने गावाचं टिंब दिलं आणि मी मान्य केलं. फार वाईट वाटलं, कारण उद्या कुणी या टिंबांवरून झाडाचं जंगल शोधायला निघणार ना.

आता माझा सगळा वेळ वर्तुळावरच जातो. ते 3 मैल सरळ रेषेत की घाटाच्या वळणावळणाच्या रस्त्याने? जुन्या लेबलवर अक्षांश 18 अंश 45 मिनिटं एवढंच असतं, एक मिनिट म्हणजे जवळपास 1.85 किलोमीटर, आणि आपण त्याचं दशांशात 18.750000 करून टाकतो, म्हणजे झाडाची जागा वीतभरही चुकलेली नाही असा दावा! एकोणिसाव्या शतकातल्या काही शीट्सवर तर 'मलबार, कोंकण वगैरे' एवढंच छापलंय, आणि गोळा करणारे कोण तर 'स्टॉक्स, लॉ वगैरे'. त्याचं वर्तुळ काढलं की अर्धं अरबी समुद्रात जातं. जाऊ दे, पण खरं तेच आहे.

परवा एकावर नुसतं 'वडगाव'. आपल्याकडे वडगावं किती! मग जीबिफवर, म्हणजे जगभरातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदींच्या ऑनलाइन साठ्यावर, ते झाड गोळा करणाऱ्या माणसाची बाकीची शीट्स तारखेने लावली, आदल्या दिवशी लोणावळा, दुसऱ्या दिवशी तळेगाव, म्हणजे हे मावळातलंच वडगाव. वर्तुळ 3 किलोमीटरचं ठेवलं आणि हे असं का ठरवलं ते शेऱ्यात लिहून ठेवलं.