चालवणाऱ्याच्या कमरेला टेकू: क्लासिक 350 वरचे तीन प्रयत्न

मूळ कल्पना माझी नाही, फराळाची आहे. भाऊबीजेला पुण्याला ताईकडे गेलो होतो. निघताना तिने चिवडा, चकली, अनारशांचे डबे कोंबले आणि बॅग फुगून ढोल झाली. बाईकच्या मागच्या सीटवर बंजीच्या लवचिक दोरीने आवळून बांधली खरी, पण कात्रजचा बोगदा येईपर्यंत ती सरकत सरकत माझ्या कमरेला येऊन टेकली. थांबून मागे ढकलायचा कंटाळा केला आणि तसाच निघालो.

पुण्याहून कोल्हापूरला घरी येताना या रस्त्यावर माझं ठरलेलं असतं. साताऱ्यापर्यंत कंबर भरून येते, मग उंब्रजला गाडी लावायची, कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्यासारख्या दोन फेऱ्या मारायच्या, चहा घ्यायचा आणि पुढं निघायचं. त्या दिवशी उंब्रज कधी मागे पडलं कळलंच नाही. पेठ नाक्याला पेट्रोलसाठी उतरलो तेव्हा ध्यानात आलं की आज फेऱ्या मारायच्या राहिल्याच. घरी आल्यावर बॅग सोडण्याआधी पहिलं काम केलं ते म्हणजे तिचा पुढचा फुगवटा सीटपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजलं. खालची कड 11 सेंटीमीटर, वरची 27. हे आकडे पेन्सिलने गॅरेजच्या भिंतीवर लिहिले. ते आजही तिथं आहेत आणि पुढचे दोन महिने मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, त्याचीच ही कहाणी.

गाडी 2022 ची रॉयल एनफील्ड क्लासिक 350. इंजिन 349 सीसी, वजन 195 किलो, सीटची उंची 805 मिलिमीटर. माझं वय 47, उंची साडेपाच फूट, वजन 78 किलो. कंबर गाडीने बिघडवलेली नाही, वीस वर्षांच्या ऑफिसच्या खुर्चीने बिघडवली आहे. या कामात गाडीची एक गोष्ट सोयीची: पुढची आणि मागची सीट वेगळी. मागची सीट बोल्टवर बसते, म्हणजे तिच्याखाली एक पट्टी दाबून तिची मान दोन सीटच्या फटीतून वर काढता येते. अखंड सीटवाल्यांना हे इतकं सरळ नाही, त्यांना सीटच कापावी लागते.

मागे बसणाऱ्याचा टेकू कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात लटकत असतो. चालवणाऱ्याचा म्हटलं की दुकानदार आपल्याकडं बघतो. गोल्ड विंग किंवा हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांना तो मिळतो. आपल्याकडे ऑनलाइन दोन-तीन दिसले, पण उंची पक्की ठरलेली. ज्याची कंबर त्याचं माप, म्हणून करून घ्यायचं ठरवलं. कोल्हापुरात राहून शिवाजी उद्यमनगरासारखी लोखंडकामाच्या कारखान्यांची वसाहत असताना बाहेरून लोखंड मागवायचं हेही पटेना.

सुरुवातीलाच दोन बंधनं घालून घेतली. चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, एकही भोक पाडायचं नाही, एकही वेल्ड मारायचा नाही. आणि मागच्याला धरायचं हँडल काढायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीची रचना नोंदणीच्या तपशिलाहून वेगळी करू देत नाही, आणि मागच्या माणसाच्या हँडलबद्दल तर केंद्रीय नियमांत 123 वा नियम वेगळाच आहे. जे काही लागेल ते दोन पान्यांनी दहा मिनिटांत उतरलं पाहिजे, एवढं सूत्र धरलं.

पहिला प्रयत्न

कागदावर चित्र काढून उद्यमनगरात गेलो. मिस्त्री साठीचे, बोलायला कमी. चित्र बघितलं, 25 बाय 5 ची पट्टी कापली, इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवली, खाली 6 मिलिमीटरची प्लेट जोडली. तासाभरात काम झालं. वर 12 मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा बोल्टने बसवला, त्यावर जुन्या उशीतला फोम गुंडाळला आणि पन्हाळ्याला निघालो. वीस-बावीस किलोमीटर, वर झुणका-भाकरी खायची आणि परत यायचं. चाचणीला याहून चांगला रस्ता नाही.

टेकू डुलत होता. टेकलं की मागे जायचा, खड्डा आला की पुढे येऊन पाठीत थापटी मारायचा. वाघबीळपर्यंत मजा वाटली, घाटात वैताग आला. परत आलो ते तडक मिस्त्रींकडे. म्हटलं, पट्टी 8 ची घालूया, 5 ची पातळ पडते.

त्यांनी काही न बोलता कामावरची स्टीलची फूटपट्टी उचलली, टोकाला धरून माझ्यापुढे केली. "दाबा." दाबली, वाकली. मग तीच पट्टी धारेवर उभी धरली. "आता दाबा की." ती हलेना.

"लोखंड तेवढंच हाय मालक. तुम्ही आडवं उभं केलंय त्याला."

घरी येऊन हिशेब केला. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. 25 बाय 5 ची पट्टी सपाट बाजूने टेकायला दिली तर 25 गुणिले 5 चा घन, म्हणजे 3125. तीच धारेवर फिरवली तर 5 गुणिले 25 चा घन, म्हणजे 78125. बरोबर पंचवीस पट, आणि वजन एका ग्रॅमनेही वाढत नाही. डिप्लोमाला हे शिकलो होतो, परीक्षेत मार्कही मिळवले होते. फूटपट्टीने समजलं ते असं कधी समजलं नव्हतं.

दुसरा प्रयत्न

आता दोन पट्ट्या, दोन्ही धारेवर, मध्ये 90 मिलिमीटर अंतर, वर आडवी जोडणी. टणक झालं. वरचं पॅडही नीट करायचं म्हणून लक्ष्मीपुरीतल्या एका सीट कव्हरवाल्याकडे गेलो. त्याने 40 घनतेचा फोम दोन इंच जाड लावला, काळं रेक्झिन, कडेने दुहेरी शिलाई. दिसायला कंपनीचं वाटावं असं.

इथं माझी चूक झाली, आणि ती मापाची. मापं घेताना मी गॅरेजमध्ये टी-शर्ट आणि हाफ पँटवर गाडीवर बसलो होतो. पॅड कमरेला अलगद लागतंय बघून खूश झालो. रविवारी जॅकेट चढवून गगनबावड्याला निघालो तेव्हा पाठीचा प्रोटेक्टर धरून दोन सेंटीमीटरची जास्तीची जाडी आली. पॅड मला टाकीकडे ढकलू लागलं. शिवाय पॅड खाली घेतलं होतं, सीटपासून जेमतेम 5 सेंटीमीटरवर, का तर फटीतून लोखंड दिसू नये. बसल्यावर माणसाची बैठक मागे येते आणि कंबर आत जाते. खाली असलेलं पॅड कमरेला पोचतच नाही, ते बैठकीलाच पुढे रेटतं. साळवणपर्यंत मांड्यांत गोळे आले. उतरलो, पाने काढले आणि टेकू बॅगेत घालून पुढचा घाट बिनटेकूचा केला. भिंतीवरचे 11 आणि 27 तेव्हा आठवले. फराळाच्या बॅगेला जे बरोबर कळलं होतं, ते मी दिसण्यापायी घालवलं होतं.

तिसरी गोष्ट शर्टाची. सीट शरीराच्या वजनाने खालीवर होते, टेकू जागचा हलत नाही. म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरला पाठ पॅडवर घासते. रेक्झिन अंगाला चिकटतं आणि शर्ट थोडा थोडा वर चढतो. जॅकेटवर हे कळत नाही, पण गावात नुसत्या शर्टवर निघालो तर दोन चौकांत शर्ट बाहेर.

तिसरा प्रयत्न, सध्या गाडीवर आहे तो

उभ्या पट्ट्यांना आता 20 मिलिमीटरच्या अंतराने तीन-तीन भोकं आहेत, त्यामुळे पॅड वरखाली करता येतं. मधल्या भोकात पॅडची खालची कड बरोबर 11 सेंटीमीटरवर येते. पॅडची रुंदी 27, उंची 16. रुंदी याहून जास्त नको, कोपर मागे जाताना लागतं. उंचीही नको. उभं राहून खड्डा घ्यायचा तर जॅकेटची खालची कड पॅडच्या वरच्या काठात अडकता कामा नये.

पुढे-मागे सरकवायला खालच्या प्लेटला गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून घेतल्या. जॅकेट, ग्लोव्हज, हेल्मेट सगळं चढवून, गाडी मुलाला सरळ धरायला लावून बसलो आणि पॅड पाठीपासून दोन बोटं मागे ठेवून बोल्ट आवळले. ही दोन बोटं फार महत्त्वाची. नेहमीच्या बैठकीत पॅडचा स्पर्शही व्हायला नको. कंबर ढिली पडायला लागली की तेवढ्यात ते लागतं. सोफ्यासारखं रेलायला गेलं तर हात ताणले जातात आणि हँडल हातांनी धरून ठेवल्यासारखं होतं, वळणावर ते धोक्याचं.

फोम बदलला. मध्ये पातळ, दोन्ही कडांना जाड, म्हणजे सपाट प्लाय असूनही पाठीला खोबण मिळते. रेक्झिनवर पाठीकडच्या बाजूला जाड कॉटन ड्रिलचा तुकडा शिवून घेतला. शर्टाची तक्रार मिटली.

सगळ्यात जास्त डोकं गेलं ते बिजागरीत. पक्क्या टेकूवरून टांग टाकणं म्हणजे साडेपाच फुटांच्या माणसाला रोजची कसरत, पहिल्या आठवड्यात दोनदा बुटाची टाच पॅडला लागली. म्हणून पॅड पुढे झोपणारं केलं. मागे रेलताना पट्टी स्टॉपरवर अडते, त्यामुळे लॉकची गरज नाही. आधी पॅड सीटवर झोपवायचं, टांग टाकायची, टाकीकडे सरकून उभं राहायचं, हात मागे नेऊन पॅड उभं करायचं आणि मग बसायचं. शेवटून दुसरी पायरी पेट्रोलपंपावर विसरलो आणि पॅडवरच बसलो, चार इंच उंच. मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, सिंहासन काय?" आता विसरत नाही.

बिजागरीचा बोल्ट 10 चा, भोक साडेदहाचं. एवढ्या अर्ध्या मिलिमीटरने ऐंशीच्या वेगाला असा खडखडाट केला की मला चेन सैल झाल्यासारखं वाटलं. थांबून चेन तपासली, मागचं चाक फिरवलं, सायलेन्सर हलवून पाहिला. शेवटी पॅड हाताने दाबलं, तर आवाज बंद. भोकातली ढिलाई भरायला नायलॉनची बुश (पोकळ नळी) टर्न करून घेतली, नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे घातले, आणि प्लेट आणि सीटच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा दिला. एकाच सिलिंडरच्या थरथरणाऱ्या गाडीवर साधा नट आणि नशीब दोन्ही फार दिवस टिकत नाहीत.

खर्च: लोखंडकाम तिन्ही खेपांचं मिळून 1700, पावडर कोटिंग 300, पॅड दोनदा केलं म्हणून 1100. सरळ तिसऱ्यावर आलो असतो तर निम्म्यात झालं असतं.

आतापर्यंतचे किलोमीटर

आंबा घाटातून रत्नागिरी, जाऊन-येऊन 260 च्या आसपास, एका दिवसात. मलकापूरपर्यंत टेकू आहे हे जाणवतही नव्हतं, घाटात वळणांवर मी आपोआप पुढे झुकून बसतो त्यामुळे तिथं तो निकामीच. खरा उपयोग परतीच्या सरळ रस्त्यावर, उन्हं कलल्यावर, जेव्हा अंग सैल पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर धरली नव्हती. मांडीची सालपटं मात्र नेहमीसारखीच, कारण सीट तीच आहे. ते दुखणं टेकूचं नव्हेच.

मग पुणे. किणी, कराड, तासवडे, सातारा. खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे एकदाच थांबलो, तेही भूक लागली म्हणून. बोल्ट हाताने चाचपले, खालचा डावा एक पाव फेरा आवळला गेला. त्यावर पांढऱ्या मार्करने रेघ मारून ठेवली आहे, सरकला तर दिसेल.

राहिलेलं काम: कॉटन ड्रिल पावसात पाणी पिणार. जूनच्या आत त्यावर चढवायला सुटी टोपी शिवून घ्यायची आहे. शिलाईच्या भोकांतून फोममध्ये पाणी गेलं की तो आठवडाभर वाळत नाही, हे जुन्या सीटने शिकवलं आहे.

आणि सौ. गेल्या रविवारी पहिल्यांदा मागे बसल्या. ज्योतिबाच्या चढावर ब्रेक दाबला की पॅडची मागची बाजू त्यांच्या पोटात. तिथं उघडा प्लाय आणि चार बोल्टची डोकी आहेत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "अहो, तुमच्या कमरेचं झालं, माझ्या पोटाचं काय?" म्हणाल्या. सध्या त्या असल्या की पॅड घरी राहतं. मागच्या बाजूला एक इंच फोम आणि बुडवलेले बोल्ट, एवढं चित्र काढून झालंय, सोमवारी उद्यमनगरात जातोय. त्यांच्या स्वतःच्या टेकूची मापंही बरोबर न्यायची आहेत. ती त्यांनी कालच घेतली, जॅकेट घालून.