दुसरी नळी

खऱ्या शस्त्रांच्या लहान मापातल्या प्रतिकृतींची पारख करणं हे माझं काम. कोणी पेटी घेऊन आलं की किंमत, वय, कारागीर यांच्या आधी मी एकच विचारते, "चालतं का?" तळहातावर मावणारं रिव्हॉल्वर खरी गोळी उडवत असेल, तर बहुतेक ठिकाणी कायदा त्याचा आकार बघत नाही. त्या दिवशी आलेले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "दोन चालतात असं तो सांगायचा. मी कधी चालवून पाहिली नाहीत." दोन्ही रिकामी आहेत याची आधी खात्री करून घेतली आणि मगच पेटीतल्या बाकीच्या वस्तूंना हात लावला.

'तो' म्हणजे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेला मशिनिस्ट. दिवसा डाय आणि जिग बनवायचा, रात्री घरच्या लेथवर ही शस्त्रं. कशावरही नाव घातलेलं नव्हतं. गृहस्थांनी त्याच्याकडून एकेक करत ती विकत घेतली होती. अपवाद फक्त रेमिंग्टन डेरिंजर या दोन नळ्यांच्या खिशातल्या पिस्तुलाच्या अर्ध्या मापाच्या प्रतिकृतीचा. तो गेल्यानंतर त्याच्या वर्कशॉपमधलं सामान उचलणाऱ्याकडून ती आली होती. आता सगळा संग्रह विकायचा होता आणि त्यांना 'एकाच हातचं काम' असं लेखी हवं होतं. साहजिकच आहे, तशा संग्रहाला मागणी वेगळीच असते.

सुरुवात केली ती एक तृतीयांश मापाच्या कोल्ट रिव्हॉल्वरपासून. १८७३ चं 'सिंगल ॲक्शन आर्मी' हे मॉडेल. खऱ्याचं वजन साधारण किलोभर. लांबी तिसऱ्या हिश्शावर आली की वजन सत्ताविसाव्या हिश्शावर येतं, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम. काट्यावर तेवढंच भरलं. म्हणजे आतून पोकळ काही नव्हतं आणि पोलादाऐवजी हलका धातूही वापरला नव्हता. हॅमर, म्हणजे घोडा, अंगठ्याच्या नखाने सावकाश मागे ओढला. खऱ्या कोल्टमध्ये चार टिकटिक ऐकू येतात: पहिली सुरक्षेच्या खाचेची, दुसरी गोळ्या भरण्यासाठी सिलिंडर मोकळा होतो त्या खाचेची, तिसरी सिलिंडर अडवणारा बोल्ट सिलिंडरला येऊन टेकल्याची आणि चौथी घोडा पूर्ण चढल्याची. इथे चारही ऐकू आल्या. दिसायला हुबेहूब प्रतिकृती करणारे पुष्कळ असतात, पण या चार टिकटिकींपाशी त्यातले बहुतेक गळतात.

मग नळी. पंचेचाळीस कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास ११.४३ मिलिमीटर, त्याचा तिसरा हिस्सा ३.८. एवढ्या भोकात त्याने गोळीला फिरकी देणारे आतले पेच कापले होते, तेही डावीकडे वळणारे, कारण कोल्टचे पेच डावीकडेच वळतात. १९१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ फान्नल या घड्याळजीने बाजारात आणलेल्या 'कोलिब्री' पिस्तुलाचं कॅलिबर २.७ मिलिमीटर होतं आणि त्याची नळी आतून सपाटच होती. एवढ्या बारीक नळीत पेच कापण्याची सोय तेव्हा नव्हती. त्या मानाने याच्या हाताशी एक मिलिमीटर जास्त होता, पण मागे कारखाना नव्हता.

अशा लघुप्रतिकृतींतली खरी मेख वेगळीच असते. सगळं काही लहान करता येत नाही. तेलाचा थर तेवढाच जाड राहतो, म्हणून मोठ्या पिस्तुलात चालून जाणारं जुनं चिकट तेल इथे चाप जागेवर धरून ठेवतं. अक्रोडाच्या लाकडाची छिद्रं लहान होत नाहीत. मुठीला अक्रोड लावलं की वस्तू लगेच खेळण्यासारखी दिसते. या माणसाने बारीक पोताचं नाशपातीचं लाकूड घेऊन त्याला अक्रोडाचा रंग दिला होता. मूळ शस्त्रापासून कुठे हटायचं हे ज्याला कळतं तो कारागीर, असं माझं मत आहे. सगळं मापात बसवणारे फार झाले.

स्क्रूच्या आट्यांचंही तसंच. खऱ्या स्क्रूचे आटे तिसऱ्या हिश्शावर आणायचे तर तसा टॅप, म्हणजे भोकात आटे कापायचं काडीसारखं हत्यार, विकत मिळत नाही. टूलमेकरच्या सूक्ष्मदर्शकाखाली कोल्टच्या एका स्क्रूची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.२९ मिलिमीटर भरली. नेहमीच्या मेट्रिक तक्त्यात ०.२५ नंतर थेट ०.३ येते, मधे काही नाही. दहा आट्यांवर पुन्हा मोजलं, पुन्हा ०.२९. म्हणजे टॅप घरी बनवलेला. आणि मजा पुढे आहे. हाच टॅप त्याने इतर मापांच्या शस्त्रांतही वापरला होता, चौथाई मापाच्या ल्यूगर पिस्तुलामध्येसुद्धा, जिथे त्याला काहीच कारण नव्हतं. एवढा घाम गाळून केलेला टॅप कोण टाकून देईल? नाव न घालणाऱ्या माणसाची सही मला तिथे सापडली.

शेवटी डेरिंजर. खरी डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत होती आणि तिची बिजागरी तडकते, हे संग्राहकांना पाठ असतं. इथे बिजागरी मापापेक्षा किंचित जाड होती. शाबास, म्हटलं, हा आपलाच माणूस. बिजागरीच्या स्क्रूची पिच ०.२९. नळ्यांतल्या पेचांवर कटरचा तोच बारीक ओरखडा, जो कोल्टच्या नळीतही होता.

हॅमरचा स्क्रू मात्र ०.४० चा निघाला. सरळ एम-२, म्हणजे दोन मिलिमीटरचा, कुठल्याही दुकानात मिळणारा. बाकीच्या शस्त्रांचे स्क्रू तापवून निळे केलेले होते. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तो रंग धरतं आणि तो पुसला जात नाही. याचा निळा रंग कापसाच्या बोळ्यावर आला, म्हणजे बाटलीतून लावलेला.

मग मी हॅमर चढवला, अंगठ्याने धरून हळूच खाली सोडला आणि पुन्हा चढवला. डेरिंजरला दोन नळ्या आणि एकच हॅमर असतो. दरवेळी घोडा चढवताना हॅमरमधली छोटी दातेरी कळ फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी टोकदार पिन, वर-खाली हलवते, त्यामुळे आधी एक नळी, मग दुसरी. इथे पिन हललीच नाही. वरच्या नळीपाशीच राहिली. आत दातेरी कळ नव्हतीच. पिन हॅमरमध्ये पक्की ठोकलेली होती.

"तुम्ही हिचा घोडा दोनदा चढवून पाहिला नाहीत का कधी?" मी विचारलं.

"काचेच्या कपाटात असते ती. कोण चढवणार, मॅडम?" असं म्हणून ते जवळ सरकले आणि सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत बसले. नळ्या, फ्रेम, बिजागरी त्याची. हॅमर, चाप आणि मुठीचे स्क्रू दुसऱ्याचे. तो गेला तेव्हा ही अर्धवट राहिलेली असणार आणि कोणीतरी ती विकण्यापुरती पूर्ण केली.

"म्हणजे खोटी?"

"खोटी नाही. पण एका हातची म्हणून मी लिहून देणार नाही."

ते नाराज झाले, आणि माझ्यावरच झाले. दातेरी कळ आता कोणाकडून करून घेतली तर, असंही त्यांनी विचारून पाहिलं. करता येईल, म्हटलं, पण मग तिसरा हात यादीत लिहावा लागेल. नोंद मी अशी केली: नळ्या, फ्रेम व बिजागरी मूळ कारागिराची, उर्वरित भाग अज्ञात, खालची नळी निकामी. त्यांनी ती दोनदा वाचली आणि काही न बोलता सही केली.

पेटी बंद करताना मी विचारलं, ज्याच्याकडून डेरिंजर घेतली त्याच्याकडे आणखी काय होतं?

"एक लाकडी खण. बारीकसारीक लोखंड, गंजलेल्या काड्या. मी म्हटलं, भंगार कशाला घेऊ."

"त्या काड्यांना आटे होते का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर शोधत शोधतच दाराकडे निघाले. तो खण अजून तिथे असेल तर पिस्तुलं मागू नका, फक्त टॅप आणि भोकं मापात आणणारे रीमर मागा, हे मला त्यांना जिन्यावरून ओरडून सांगावं लागलं.