सिडनीत आधी बोटीत बसा

रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या आमच्या कंपूतली दोन जोडपी दिवाळीनंतर मुलांकडे सिडनीला निघाली आहेत. आम्ही जूनअखेरीस लेकीकडे जाऊन तीन आठवडे राहून आलो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतात. पायऱ्यांवर धापा टाकत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. माझी चौतीस वर्षं बांधकामाच्या साइटवर गेली. माझी नजर साच्यांवर आणि सांध्यांवरच जाणार, हे धरून वाचा.

पहिल्या दिवशी आम्ही चुकलो. सर्क्युलर की स्टेशनला उतरून गर्दीबरोबर थेट ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर गेलो. त्याच्या छपराची ती शिडासारखी कवचं, ती शिडं, इतक्या जवळून डोळ्यांत मावतच नाहीत. दुसऱ्या दिवशी लेकीने सर्क्युलर कीवरूनच सुटणाऱ्या, मॅन्ली या समुद्रकाठच्या उपनगराला जाणाऱ्या बोटीत बसवलं. धक्का सुटला तशी एकामागे दडलेली शिडं एकेक करून बाहेर यायला लागली, डावीकडे हार्बर ब्रिजची कमान, आणि सौ. एकदम गप्प झाली. तीन बाजूंनी पाणी असलेली इमारत आहे ती, पाण्यावरूनच बघायची. जाताना उजव्या बाजूला, बाहेरच्या डेकवर जागा धरा. अर्ध्या तासाचा प्रवास. वाटेत खाडीचं तोंड समुद्राला उघडतं तिथे बोट चांगली हेलकावते. बस लागणाऱ्यांनी आधीच गोळी घ्यावी. सरकारी बोटच पुरे, खासगी जलद बोटीला जादा पैसे मोजू नका. बँकेचं कार्ड चढताना-उतरताना टेकवायचं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं आणि दोन्ही वेळा तेच. शुक्रवार ते रविवार दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते, लांबचे बेत तेव्हा ठेवा.

हे झालं की मग ऑपेरा हाऊसच्या जवळ जा. अगदी जवळ. शिडं जिथे खाली चौथऱ्याला टेकतात तिथे मी टाइलवर हात ठेवला. दुरून पांढरीशुभ्र वाटणारी ती शिडं दोन रंगांची आहेत: मध्ये चकचकीत पांढरी टाइल, कडेने सायीच्या रंगाची, बिनचकाकीची. एकेक टाइल जेमतेम तळहाताएवढी, तिरकी बसवलेली. अशा दहा लाखांहून जास्त, सगळ्या स्वीडनहून आणलेल्या. वर टांगून एकेक चिकटवायचं कामच नाही. जमिनीवर साच्यात टाइल पालथ्या मांडल्या, मागून काँक्रीट ओतलं आणि तयार पॅनेल वर नेऊन बसवले. सांध्यांच्या रेषा बघत मी तिथे तासभर होतो.

डेन्मार्कच्या यॉर्न उत्झन या आर्किटेक्टची कल्पना १९५७ साली स्पर्धेत निवडली गेली, पण उभी कशी करायची ते सुटेना. प्रत्येक शिडाचा बाक वेगळा म्हणजे प्रत्येकाला वेगळं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा. शेवटी तोड निघाली: सगळी शिडं एकाच, ७५ मीटर त्रिज्येच्या गोलातून कापायची. एकाच कलिंगडाच्या लहानमोठ्या फाका म्हणा. बाक एक, म्हणून साचे पुन्हापुन्हा वापरता आले. ज्याने साइटवर एक वाकडा स्लॅब भरलाय त्याला याचं मोल कळेल. पैशांवरून आणि कामावरून सरकारशी बिनसलं आणि १९६६ मध्ये उत्झन निघून गेला. १९७३ मध्ये उद्घाटन झालं. २००८ मध्ये तो वारला, तोवर एकदाही परत आला नाही. पूर्ण झालेली इमारत त्याने डोळ्यांनी पाहिली नाही, हे मला अजून लागून राहिलंय. आतली तासाभराची गाइडेड टूर जरूर घ्या, तिकीट घरूनच ऑनलाइन काढा.

पुलासाठी ट्रेनने पलीकडे मिल्सन्स पॉइंटला उतरा आणि शहराकडे चालत या. पादचारी वाट पूर्वेच्या बाजूला आहे, फुकट आहे, आणि ऑपेरा हाऊस सतत समोर राहतं. १९३२ सालचा हा पूल, कमान ५०३ मीटरची. दोन्ही काठांवरून अर्धी-अर्धी पुढे नेत मध्यावर जोडली. पोलाद जोडणारे रिवेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे, सुमारे ६० लाख. लालबुंद तापवलेला रिवेट एकाने फेकायचा, दुसऱ्याने बादलीत झेलायचा. टोकांचे दगडी मनोरे कमानीचा भार घेत नाहीत, ते शोभेचे. कमानीवर चढवणारी सहल महाग आहे, आम्ही सोडली. त्याऐवजी मनोऱ्यात तिकीट काढून २०० पायऱ्या चढलो, म्हणजे जवळपास दोन पर्वत्या.

बोटॅनिक गार्डनच्या टोकाला मिसेस मॅक्वारीज चेअर आहे. १८१० मध्ये कैद्यांकडून गव्हर्नरच्या बायकोसाठी खडकात कोरून घेतलेलं बाकडं. पूल आणि ऑपेरा हाऊस एका फोटोत हवेत तर इथून. आपल्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना तिथला मधाच्या रंगाचा वालुकाश्म फार गोड वाटतो; द रॉक्स या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत तो भरपूर दिसेल.

सामानाचं: पेढे-बर्फी घरीच ठेवा. बाकरवडी, मसाले, लोणचं जे काही न्याल ते विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा. लिहून जप्त झालं तर दंड नाही, लपवलं तर मोठा दंड. जूनमध्ये तिथे हिवाळा, म्हणून आम्हाला स्वेटर लागले; तुम्हाला टोपी आणि सनस्क्रीन लागेल. नोव्हेंबरचं तिथलं ऊन खरंच भाजतं.

आणि मॅन्लीहून परतीची बोट सूर्यास्ताआधी अर्धा तास पकडा. आम्हाला पाचलाच अंधार झाला, तुम्हाला साडेसातपर्यंत उजेड मिळेल. पुढच्या डेकवर उभे राहा. पुलाची कमान काळी होत जाते, आणि त्या दोन रंगांच्या टाइल तेवढ्यापुरत्या गुलाबी.